साबणाने धुतलेली बदकं

साडेक, ४ मार्च १९९६

ती. दिएपताईस,
सा. न. वि. वि.

ठरलेलं लग्न मोडून तू शिकायला गेलीस, तेव्हापासून बाबा तुझं नाव काढत नाहीत. आज हे पत्र त्यांच्यादेखत लिहितोय आणि ते मुद्दाम दुसरीकडे बघतायत.

शेजारच्या नावेतून इंजिनाचं तेल कालव्यात सांडलं आणि आपली बदकं काळीठिक्कर झाली. रविवारी लुआचे वडील जावई म्हणून मला बघायला येणार! म्हणून भांड्यांचा साबण लावून एकेकाला लख्ख केलं आणि पाण्यात सोडलं. तर ताई, बदकं बुडायला लागली! पार मानेपर्यंत! कपड्यांनिशी उडी मारून सगळी बाहेर काढली. काठावरच्या बायका म्हणे, आता कोंबड्यांनाही पोहायला शिकव.

बिचारी पेंढ्यावर कुडकुडतायत. खडबडीत गोष्टींवर पाणी कसं बसतं, हेच शिकतेस ना तू? मग सांग काहीतरी. परतीच्या नावेनेच उत्तर पाठव.

लोभ आहेच, या वेळी थोडा जास्त असू दे.
तुझा,
खोई

कान्थो, ५ मार्च

चि. खोईस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

पीस नुसतं तेलकट म्हणून कोरडं राहत नाही रे. त्याचे तंतू फणीच्या दातांसारखे असतात, मधल्या फटींत हवा बसते. पाण्याचा पृष्ठभाग स्वतःला ताणून धरतो, म्हणून ते फटींत न शिरता वरच्यावर राहतं. साबणाने तो ताण ढिला पडतो आणि पाणी थेट आत! तुझा साबण अजून पिसांत आहे.

कोमट पाण्याने धू, पुन्हा धू, पाठीवर थेंब मण्यासारखा उभा राहीपर्यंत. मग उबेत ठेव. चोचीने पिसं विंचरून ती आपली आपण सावरतील, तोवर कालवा बंद. मी काचेवर असेच खाचखळगे कोरते आणि माझेही थेंब कधीकधी आत बुडतात, म्हणून तुला हसत नाही.

लुआच्या वडिलांना खरं ते सांग. बाबांचा खोकला कसा आहे? मी विचारलं म्हणून सांगू नकोस.

माया आहे तशी राहू दे.
तुझी,
दिएपताई

साडेक, १९ मार्च

चि. दिएपला,
आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस का? खोईला लिही म्हटलं, तर म्हणतो वेळ नाही. खोटारडा.

लुआचे वडील लुआला घेऊन आले तेव्हा हा कोपरापर्यंत टबात. त्याने सगळं सांगून टाकलं. ते इतके हसले की हातातला चहा सांडला. लुआने मात्र बाह्या वर सारल्या आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याबरोबर बदकं धुतली. एक म्हातारं बदक गेलं. बाकीची काल पाण्यात सोडली. तरंगली, पोरी! पाठीवरचं पाणी घरंगळून गेलं, पिसं कोरडी. मी हात लावून पाहिलं.

लग्न ठरलं. पुढच्या महिन्यात पानसुपारी घेऊन त्यांच्याकडे जायचंय. थोरली बहीण हवीच, असं लुआचे वडील म्हणाले. ते म्हणाले नसते, तरी मी लिहिणार होतो. खोकला बरा आहे.

कुठल्या नावेने येतेस ते कळव, म्हणजे धक्क्यावर येईन. नाही कळवलंस तर रोज यावं लागेल.

तुझे,
बाबा