वाटीभर नाचणी सत्त्व

२० जानेवारी

आजपासून लिहायचं ठरवलं. मुलगा तुषार शाळेत होता तेव्हाची अर्धी कोरी वही सापडली. माझी सून रेश्मा नातीचं सगळं मोबाईलात लिहिते. दूध किती वेळा, शी किती वेळा, झोप किती. मग मी का लिहू नये? माझं अक्षर कुणाला लागत नाही, ते बरंच आहे.

मुद्दा असा. नात धनश्री, आम्ही धनू म्हणतो, पाच महिने आठ दिवसांची झाली. बाळंतपण रेश्माच्या माहेरी, अकोले तालुक्यात झालं आणि विहीणबाईंनी पाच महिने तिकडंच ठेवून घेतलं. आत्ता कुठं पोरीनं घोडेगाव बघितलं. रेश्मा पतसंस्थेत कामाला, सुट्टी फेब्रुवारीअखेर संपते. २ मार्चपासून सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ती बाहेर. दूध काढून फ्रीजमध्ये ठेवणार म्हणे. पण तोवर धनू माझ्या हातून वरचं खायला लागली पाहिजे. लागली तर इथं राहील, न्हाई तर राहीबाई, म्हणजे विहीणबाई, तिला परत अकोल्याला नेणार. असं मायलेकींचं फोनवर ठरलं. मला नंतर सांगितलं.

मला काही फरक पडत नाही. पण अकरा वासरं आणि पोटची तीन लेकरं वाढवली मी. एक वाटी खाऊ घालायची, त्यात काय एवढं?

२१ जानेवारी

अंगणवाडीच्या निकिता मॅडम आल्या. मी नाचणी भिजत घालतच होते. म्हणाल्या, काकू, सहा महिने पुरे होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबसुद्धा नको. मी म्हणलं, मुलीची उष्टावण विषम महिन्यात करतात, पाचव्या नाहीतर सातव्या, हे तुमच्या तक्त्यात आहे का? त्या म्हणाल्या, १२ फेब्रुवारीला सहा भरतात, म्हणजे सातवा लागतो, तुमचं पण जमलं आणि आमचं पण.

म्हणजे माझंच खरं झालं. चहा पाजला.

अजून पुष्कळ सांगत होत्या. मान धरते का, टेकवून बसते का, आपण घास घेतला की टकामका बघते का. मीठ, साखर, मध वर्षभर नको. मी काही ऐकत नव्हते.

२४ जानेवारी. सकाळी ७

१२ तारखेपर्यंत काय हातावर हात ठेवून बसू? मला आयडिया सुचली. रिकामा चमचा! चमचा उकळून घ्यायचा, नुसता तोंडाशी न्यायचा, आ करायला शिकवायचं. अन्न नाही, पाणी नाही, मॅडमचा नियम मोडत नाही. १२ तारखेला तोंड तयार, आपण फक्त माल भरायचा.

रेश्माला सांगितलं नाही. सगळं सांगायला मी काय तिच्या हाताखाली लागले का.

३० जानेवारी

प्रॅक्टिस जोरात. दिवसातून पाच वेळा. चमचा दिसला की धनू आ करते, चमचा धरते, हिरड्यांनी चावते, खिदळते. आमचे मालक, म्हणजे धनूचे आजोबा, बघत होते. म्हणाले, हवा खायला शिकवतीस व्हय तिला? या माणसाला कशातलंच कळत नाही. परवा म्हशींना पेंड घालायची विसरले आणि मला शिकवतात.

४ फेब्रुवारी

सत्त्व तयार. नाचणी भिजवली, मोड आणले, वाळवली, दळली, वस्त्रगाळ केली. डबा गच्च भरला. असं सत्त्व उभ्या अकोले तालुक्यात कुणाला जमायचं नाही.

विहीणबाईंचा फोन आला, रेश्माने स्पीकरवर ठेवला. धनू कशी हाय विचारत होत्या. मी चुलीजवळून ओरडून सांगितलं, मस्त रमली, तुम्ही कशाला तसदी घेता, तुमची पण गुडघेदुखी. रेश्मा फोन घेऊन आत गेली.

१२ फेब्रुवारी

उष्टावण झाली. पहिला घास मामाचा, म्हणून रेश्माचा भाऊ करण अकोल्याहून आला. खीर बिनसाखरेची केली, मॅडमचा मान ठेवला. करणने बोटाने खीर ओठाला लावली. धनूने कडुनिंब चाटल्यासारखं तोंड केलं आणि सगळी खीर त्याच्या नव्या शर्टावर परत दिली. सगळे हसले. मी जरा जास्त हसले.

पोरगी हुशार आहे. अकोल्याच्या हातचं घेत नाही.

उद्यापासून मी.

१३ फेब्रुवारी

९.१० ला सुरू. पाय पसरून तिला पायांवर आडवी घेतली. तुषारला असंच भरवलं होतं, चांगला सहा फूट झाला. चमचा बघून धनूने मोठा आ केला. सत्त्व आत गेलं आणि तिचा चेहराच उतरला. माझ्याकडे असं बघितलं की मी तिला फसवलं. जिभेने ढकलून सगळं बाहेर. परत घातलं. परत बाहेर. तिसऱ्यांदा चमचा बघून रडायलाच लागली. ९.१२ ला आटोपलं. म्हशी खोळंबल्या होत्या.

एकूण चमचे चार, बाहेर आलेले धरून. सुरुवात उत्तम.

१४ फेब्रुवारी

चूक सापडली. सत्त्व पातळ होतं. चमच्यावरून ओघळू नये असं पाहिजे, मॅडम म्हणाल्या होत्या. आज घट्ट केलं. आता ओघळत नाही. भिंतीला चिकटतं.

१६ फेब्रुवारी

दात येत असतील. हवा पण बदलली आहे. शेजारची बायडाबाई परवा लई निरखून बघत होती, मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. फरक नाही.

रेश्मा म्हणाली, आत्या, तिला आडवी नका धरू, ठसका लागेल. बसवून भरवा आणि थोडं थांबा. (ती मला आत्या म्हणते. चिडली की काहीच म्हणत नाही.) मग तिने स्वतः करून बघितलं. आई जवळ आल्यावर धनू कशाला सत्त्वाकडे बघते, पदराशीच झोंबायला लागली. म्हणजे हिला पण जमत नाही. जरा बरं वाटलं.

नंतर मी बसवून भरवलं. थांबले पण. चांगली दोन मिनिटं. मी थांबत नाही असं कुणी म्हणू नये.

१८ फेब्रुवारी

वाटी तशीच राहिली. आतून रेश्माने विचारलं, खाल्लं का हो तिने? मी वाटी घेऊन उभी. समोर मालक बसलेले. म्हणाले, आण इकडं, वाया कशाला घालवायचं. चार घासात वाटी चाटूनपुसून साफ.

रेश्मा बाहेर आली, तिने रिकामी वाटी बघितली. मी एक शब्द खोटं बोलले नाही. वाटी पुढं धरली, एवढंच. तिने मोबाईलात लिहिलं, पूर्ण वाटी. मग डोळे पुसायला लागली. म्हणाली, आत्या, मला लई टेन्शन होतं, धनू लांब गेली तर मी तिकडं कामात लक्ष कसं घालणार.

उद्या खरं सांगीन.

१९ फेब्रुवारी

सांगितलं नाही. रेश्माचं डोकं दुखत होतं. वाटी रिकामी. मालक म्हणाले, उद्या तूप टाक थोडं.

२१ फेब्रुवारी

सत्त्वाचा डबा तळाला गेला. मालक आता आपणहून वाटी आणून पुढं ठेवतात. ते खातात तेव्हा धनू त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघते, आपले ओठ हलवते. पोरीला चांगली करमणूक आहे.

उद्या नक्की सांगणार. सकाळी, पहिल्या चहाला.

२२ फेब्रुवारी

तुषारच्या ड्यूटीची वेळ बदलली, चहा वेगवेगळा झाला.

२४ फेब्रुवारी

अंगणवाडीत वजनाचा दिवस. मालकांनी आम्हाला गाडीवरून सोडलं. रेश्माने मोबाईल काढून मॅडमना दाखवलं, सहा दिवस झाले, रोज पूर्ण वाटी. वजन उष्टावणीपासून बारा दिवसांत शंभरच ग्रॅम वाढलेलं. रेश्माने परत करायला लावलं. तेवढंच. मॅडमनी मला विचारलं, काकू, वाटी केवढी? मी हाताने दाखवली. त्या म्हणाल्या, अहो, सुरुवातीला दोन-तीन चमचे गेले तरी पुष्कळ, एवढी वाटी कुठलं बाळ खाईल?

मी बोलणारच होते. पण तेवढ्यात मालक शेजारच्या मोठ्या काट्यावर उभे राहिले. दिवाळीपेक्षा दोन किलो जास्त. खूश होऊन म्हणाले, सत्त्व अंगाला लागलं बघा, लई गुणाचं हाय!

अंगणवाडीतल्या सगळ्या बाया हसल्या. मॅडम पण. मग त्यांनी रेश्माला समजावलं, घाबरू नको, दूध चालू आहे, बाळ खेळतंय, रोज थोडं थोडं द्या, जबरदस्ती करू नका. रेश्मा हसली नाही. घरी येईपर्यंत मला काहीच म्हणाली नाही. आत्या पण नाही.

२५ फेब्रुवारी

तिने आईला फोन केला. शुक्रवारी विहीणबाई येतात, शनिवारी धनूला घेऊन जातात. धनूची झबली, टोपडी पिशवीत भरली.

मी म्हणलं, न्या की. मला पण कामं आहेत. घरात चिकचिक कमी होईल. गोठ्यात जाऊन शेण काढलं. थोड्या वेळाने परत गेले. काढायला काही नव्हतं, तरी खराटा मारला.

२७ फेब्रुवारी

विहीणबाई तीन गाड्या बदलून आल्या. बरोबर पाच किलो तांदूळ, आमच्याकडं तांदूळच मिळत नसल्यासारखा. मला काही बोलल्या नाहीत. पाठीवरून हात फिरवला. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं.

२८ फेब्रुवारी

सकाळी विहीणबाईंनी धनूला मांडीवर ताठ बसवली. गुरगुट्या भात, त्यात मुगाचं वरण, बोटाने कुस्करलं. बोट पुढं धरलं आणि नुसत्या बसून राहिल्या. मी म्हणलं, भरवा की. म्हणाल्या, ताई, येईल ती. पाच मिनिटं झाली. दहा झाली. धनू भाताकडे बघते, शेजारी जेवणाऱ्या मालकांकडे बघते. मग आपणहून वाकली, बोट तोंडात घेतलं, थोडं बाहेर आलं, थोडं गिळलं. परत वाकली. तीन घास. चौथ्याला मान फिरवली तर विहीणबाईंनी वाटी बाजूला ठेवली. मी म्हणलं, अजून उरलाय. म्हणाल्या, तिचं झालं.

तीन घासांना वीस मिनिटं. तेवढ्यात मी दोन म्हशींच्या धारा काढते.

दुपारी विहीणबाई निघाल्या. पिशवी खांद्याला, धनू कडेवर. रेश्मा दारात, तोंड भिंतीकडे. मी धनूची टोपी नीट करायला गेले तर तिने माझा पदर मुठीत धरला आणि सोडेना. सगळीच लेकरं धरतात, त्यात विशेष काही नाही. मी मूठ सोडवायला लागले.

तेव्हा मी म्हणाले म्हणे की, तिला नेऊ नका, तुम्हीच इथं राहा, मला भरवायला येत नाही. असं रेश्मा सांगते, मालक सांगतात, दारात उभी होती ती बायडाबाई पण सांगते. मला तर एवढंच आठवतं की डोळ्यात धूळ गेली होती.

१ मार्च

विहीणबाई राहिल्या. दोन महिने. माझ्या पलंगावर त्या, खाली मी. मालक म्हणतात, घर भरल्यागत वाटतंय. रेश्माने उद्याची साडी काढून ठेवली. सकाळपासून मला दोनदा आत्या म्हणाली, मी मोजलं.

एकूण बघता सगळं मी ठरवल्याप्रमाणेच झालं. धनू घोडेगावातच आहे.

म्हणून संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, उद्या पहिला घास माझा. विहीणबाई म्हणाल्या, भरवा की ताई, तुमचीच नात हाय. पण आधी आठ दिवस माझ्या शेजारी नुसतं बसायचं. हात लावायचा न्हाई, घाई करायची न्हाई, आणि तोंडातून शब्द काढायचा न्हाई.

मी चारवर आणायला बघितलं. त्यांनी दहा केले.