एक जूनची मुलं

बोरिवली,
१४ फेब्रुवारी १९८८

ती. नीलावहिनी हिस,
कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

वर सवयीने सौ. लिहून बसले आणि मग खोडलं. नवा कागद घेणार होते, पण एवढंच इनलँड घरात होतं. माफ कर गं.

अण्णाला जाऊन काल महिना झाला. तिथे असताना तुला काही विचारलं नाही, माणसांची सारखी ये-जा होती. आता विचारते. शाळेत नक्की काय झालं? अण्णा काही बोलला नाही, तूही बोलत नाहीस. तुम्हा नवरा-बायकोला देवाने तोंडं फक्त जेवायला दिली असावीत. अण्णाला न्यायच्या वेळी शाळेतला तो चंद्रप्रकाश हार घेऊन आला, तेव्हा तू त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलंस ती नजर मी वीस वर्षांत पाहिली नव्हती.

आमच्या अंधेरीच्या ऑफिसातही कॉम्प्युटर आला. त्याला वेगळी खोली, एसी, आणि चपला बाहेर काढून आत जायचं. आमची टायपिस्ट कमल पहिल्या दिवशी चक्क हात जोडून आत गेली. युनियनवाले दारात घोषणा देतात आणि दुपारी हळूच काचेतून बघून जातात. मला ट्रेनिंगला घातलंय. बेचाळिसाव्या वर्षी परत शाळेत, आहे की नाही मज्जा?

खरं ते लिही, आणि एकटी बसून कुढत राहू नकोस. वहिनी, माया आहे ती कमी करू नकोस.

तुझी,
कुंदा

*

घाटकोपर,
२१ फेब्रुवारी १९८८

चि. सौ. कुंदा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. खोडलेलं दिसलं. त्याचं काही मनात आणू नकोस.

तू विचारलंस म्हणून लिहिते. शाळेला देणगीत कॉम्प्युटर मिळाला. तो चालवायला कमिटीने चंद्रप्रकाशला आणलं. तो ह्याच शाळेचा जुना विद्यार्थी. त्याने सव्वीस वर्षांची जनरल रजिस्टरं मशीनमध्ये भरली. मग मशीनला विचारलं, कोणाकोणाची जन्मतारीख सारखी आहे. मशीनने चारशे बारा नावं छापली. सगळ्यांचा जन्म एक जूनचा.

तुला ह्यामागची पद्धत माहीत आहे. गिरणीतली, गोदीतली माणसं पोराला नाव घालायला आणायची. जन्माचा दाखला नसायचा. तारीख विचारली की शिमग्याच्या आसपास, असं सांगायची. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून हेडमास्तर सांगायचे की एक जून लावा. हे क्लार्क, रजिस्टरात तसं लावायचे. सगळ्याच शाळांत असं चालतं.

पाच जानेवारीला सर्व शिक्षकांपुढे चंद्रप्रकाशने ती यादी वाचली. म्हणाला की एका दिवशी एवढी बाळंतपणं झाली, तेव्हा हेडक्लार्क सुईणीचं काम करत होते की काय. लोक हसले. पुढे म्हणाला की सव्वीस वर्षं एका माणसाच्या आळसाने जे झाकलं, ते मशीनने दोन मिनिटांत बाहेर काढलं. मग यादी नोटीस बोर्डावर लावली. दुसऱ्या दिवशी ह्यांना मेमो दिला, सात दिवसांत खुलासा करा म्हणून. ह्यांनी कोरा कागद टेबलावर ठेवला आणि रोज त्याच्यासमोर बसले. सातव्या दिवशी सकाळी गेले. कागद कोराच आहे.

ट्रंकेत मला तीन जाड वह्या सापडल्या. रजिस्टरात एक जून लिहिलेल्या प्रत्येक मुलाबद्दल आईबापाने खरं काय सांगितलं ते ह्यांनी घरी येऊन लिहून ठेवलं आहे. रेल्वेच्या संपात जन्मला, बाप परळहून चालत आला. लढाईत दिव्यांना काळे कागद लावले होते, त्या आठवड्यातली. असं पानोपान. आळशी माणूस असं करत नाही.

मी हे विसरणार नाही. तब्येत सांभाळ. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी,
नीलावहिनी

*

बोरिवली,
२ मार्च १९८८

ती. नीलावहिनी हिस,
कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून माझं डोकं फिरलं. ह्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, कोणाचा तरी मुडदा पाडायचाय. ते घाबरून स्वतःच चहा करायला गेले.

सुईण म्हणाला माझ्या अण्णाला? त्याची वाट लाव वहिनी. त्या वह्या घेऊन कमिटीच्या मीटिंगमध्ये जा आणि टेबलावर आपट. तुला जमत नसेल तर मला बोलव, मी रजा टाकून येते.

एक गोष्ट ट्रेनिंगमध्ये शिकले ती सांगते. गेल्या पगाराला मशीनने आमचा दत्ताराम शिपाई दोन वर्षांपूर्वीच रिटायर झाल्याचं छापलं. तो बिचारा म्हणाला की मग साहेबाला दोन वर्षं चहा कोण नेतोय ते मशीनलाच विचारा. शेवटी कळलं की भरणाऱ्याने साल चुकीचं भरलं होतं. मशीन स्वतःच्या मनाचं काही सांगत नाही गं. जे भराल ते बाहेर येतं, जे काढून टाकाल ते येत नाही. तेव्हा त्याची यादी अण्णाच्या वह्यांशी ताडून बघ. काहीतरी घोळ सापडेल, माझी पैज.

नीट जेव, आणि धाकट्या नणंदेवर जीव आहे तो असू दे.

तुझी,
कुंदा

*

घाटकोपर,
१३ मार्च १९८८

चि. सौ. कुंदा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. ह्यांच्या कपाटाच्या किल्ल्या द्यायला शाळेत गेले. यादी अजून बोर्डावर आहे. शिपायाकडून तिची प्रत मागून घेतली आणि तीन दिवस बसून एकेक नाव वह्यांशी लावलं.

यादीत चारशे बारा आहेत. वह्यांत चारशे तेरा. यादीत नसलेलं नाव चंद्रप्रकाशचं.

त्याने स्वतःचं नाव काढून मग यादी वाचली. पण खरी गोष्ट पुढे आहे. पहिल्या वहीतलं पान जसंच्या तसं उतरवते. जून १९६३. चंद्रप्रकाश. आई जानकी, चार घरची भांडी करते. वडील नाहीत. जन्म सत्तावन्नच्या आषाढात. गोवरानंतर वर्षभर अंथरुणात होता. आई पाया पडली, म्हणाली की आजारात गेलेलं वर्ष पोराला परत द्या, पुढे नोकरीला उपयोगी पडेल. साल अठ्ठावन्न लावलं. हेडमास्तरांना सांगितलं, त्यांनी सही केली. चूक माझी. मुलगा हुशार आहे.

कुंदा, चारशे तेरांत साल बदललेलं हे एकच आहे. बाकी सगळ्यांचं साल खरं आहे. म्हणजे ह्यांनी सव्वीस वर्षांत एकदाच खोटं लिहिलं आणि ते ह्याच्यासाठी. तो यादी वाचत होता तेव्हा ह्यांना हे माहीत होतं. एक वाक्य बोलले असते तर हसणं जागच्या जागी थांबलं असतं. बोलले नाहीत.

अधीक्षकाच्या जागेवर त्याला कायम करायचं कमिटी एप्रिलअखेर ठरवणार आहे. उमेदवार तिशीच्या आतला हवा असा नियम आहे. कागदावर तो एकोणतीस वर्षांचा आहे.

काल तो घरी आला होता. त्याची यादी शिक्षण खात्याच्या ऑफिसात पोचली आणि तिथून पत्र आलं की तारखांचा आधार दाखवेपर्यंत ह्या मुलांचे दाखले थांबवा. आता पालक शाळेत येऊन भांडतात. ह्यांनी टिपणं ठेवली आहेत हे त्याला जुन्या शिपायाने सांगितलं. वह्या द्या म्हणाला. विचार करून कळवते, असं सांगून त्याला पाठवला.

त्याला स्वतःच्या पानाबद्दल काही माहीत नाही. यादीतून नाव काढलं ते एक जूनची लाज वाटून असावं, एवढंच.

लोभ असू दे, आणि मला शांत राहायला सांगू नकोस.

तुझी,
नीलावहिनी

*

बोरिवली,
२२ मार्च १९८८

ती. नीलावहिनी हिस,
कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

पैज जिंकले, पण आनंद झाला नाही. दोन रात्री झोप नाही.

मुडदा पाडा म्हणणारी मीच, आणि आता मीच उलटं लिहिते आहे, खुशाल हस. वह्या दे. आमच्या ऑफिसात झाडणाऱ्या शकूची मुलगी लता अण्णाच्याच शाळेत दहावीला आहे. तिचंही नाव यादीत आहे. जूनमध्ये दाखला मिळाला नाही तर कॉलेज गेलं. शकूला मी तोंड कसं दाखवू?

पण त्याचं पान तेवढं फाडून ठेव. त्याला चार शिव्या घाल, बोर्डावर माफी लिहून लावायला सांग, आणि सोड. जानकीबाई मला आठवतात. अण्णाच्या लग्नात उष्टी काढून, भांडी घासून, वर हळदीला नाचल्या होत्या. म्हाताऱ्या झाल्या असतील. मुलाच्या नोकरीवर त्यांचं घर चालत असणार. आणि अण्णा बोलला नाही तो काही उगाच नाही. साल लावलं तेव्हाच त्याने जानकीबाईंना शब्द दिल्यासारखं झालं. तो त्याचा आहे, आपण मोडायचा नाही.

ऐकशील ना? रागावलीस तरी चालेल, पण परकी करू नकोस.

तुझी,
कुंदा

*

घाटकोपर,
१७ एप्रिल १९८८

चि. सौ. कुंदा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. काम चालू होतं.

शकूला सांग, लताचा दाखला मिळेल. सगळ्यांचेच मिळतील. मुलांचा ह्यात काही दोष नव्हता.

चंद्रप्रकाशला मी सांगितलं की वह्या घराबाहेर जाणार नाहीत, झेरॉक्सलाही नाहीत. त्याने रोज संध्याकाळी इथे यायचं, ह्यांच्या टेबलाशी बसायचं आणि हाताने नक्कल करायची. एकही पान सोडायचं नाही. प्रत्येक कागदाखाली त्याने सही करायची, मग मी करायची. यंदाची मुलं शेवटच्या वहीत आहेत, म्हणून तिथून सुरुवात करून मागे जायचं. तो कबूल झाला. दुसरा रस्ताच नव्हता.

अठरा दिवस आला. पहिल्या दिवशी बोटं दुखतात म्हणाला. मी पुढचं पान उलटून दिलं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून तो लिहिता लिहिता थांबायला लागला. एकदा म्हणाला की सरांनी एवढं सगळं लिहून ठेवलं होतं, मग मीटिंगमध्ये का नाही सांगितलं. मी म्हटलं, पुढे लिही.

बारा तारखेला तो स्वतःच्या पानावर आला. मी समोर वाटाणे सोलत होते. पेन थांबलं. त्याने ते पान तीनदा वाचलं असेल. मग खालच्या आवाजात विचारलं की काकू, इथे काय लिहू. मी सांगितलं की जे आहे ते लिही, क्लार्कचं काम तेवढंच असतं.

तो म्हणाला की हे पान राहू दे, त्याच्या बदल्यात माफी लिहून बोर्डावर लावतो, सगळ्यांसमोर वाचतो. तू म्हणत होतीस तेच. मी म्हटलं, मग तीनशे शहाऐंशी मुलांचे कागद लिहून झालेत तेही इथेच राहतील. एक पान कमी असलेली वही खात्याने का मानावी? त्याला माणूस कमी करून यादी करायची सवय आहे, मला नाही.

तो रडला. मी पाणी दिलं. मग त्याने लिहिलं, चूक माझी, मुलगा हुशार आहे, इथपर्यंत. सही केली. त्याच्याखाली मी केली. उरलेली पानं त्याने दोन दिवसांत संपवली. पंधरा तारखेला मी कागदांचा गठ्ठा स्वतः शिक्षण खात्याच्या ऑफिसात नेऊन दिला आणि पोच घेतली. एक प्रत कमिटीच्या चिटणिसांना दिली. काल त्यांनी निरोप पाठवला की जागेसाठी नवीन अर्ज मागवणार आहेत, आणि ह्यांचा मेमो मागे घेतल्याचं लेखी देणार आहेत.

आज सकाळी जानकीबाई आल्या. आत या म्हटलं, आल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या की तुझ्या माणसाने माझ्या पोराला एक वर्ष दिलं होतं, ते तू काढून घेतलंस. मी म्हटलं, हो. त्या भिंतीला धरून जिना उतरल्या.

तू लिहिलंस की शब्द त्यांचा होता, आपण मोडायचा नाही. खरं आहे. हे असते तर त्यांना फार वाईट वाटलं असतं, आठ दिवस जेवले नसते, माझ्याशी बोलले नसते. पण ते नाहीत. मी जेवले आणि दुपारी झोपले.

तुला माझा राग आला असेल. लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव. मी तुझ्या पत्राची वाट बघेन.

तुझी,
नीलावहिनी