गालिच्यावर एक काडी नाही

सोमवार, ६ ऑक्टोबर

रोझविथाला सकाळच्या गाडीत बसवून आलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आता तीन आठवडे ब्लॅक फॉरेस्टमधल्या आरोग्यधामात व्यायाम. फलाटावर तिनं सूचनांचा पाऊस पाडला. माझ्या जेवणाखाण्याबद्दल एक अक्षर नाही. सगळं लोटे आणि कॉन्राडबद्दल. हे तिचे दोन गिनीपिग. पिंजरा दिवाणखान्यात, पिंजऱ्याखाली गालिचा, आणि गालिच्यावर कायम वाळक्या गवताच्या काड्या.

बाईसाहेबांचं म्हणणं, गवत सांडणारच, म्हणून या दोघांना एक स्वतंत्र खोली द्यावी. कुठली? तर माझी. जिथं माझी आरामखुर्ची आहे, रेडिओ आहे आणि दाराला आतून कडी आहे. लग्नाच्या इतक्या वर्षांत या घरात एवढी एकच जागा माझी म्हणून उरलीय.

मी शांतपणे सांगितलं, प्रश्न गवताचा नाही, मॅनेजमेंटचा आहे. पैज लावली. ती परत येईल तेव्हा गालिच्यावर एक काडी दिसली तर खोली त्यांची. नाही दिसली तर खोली माझी, आणि पुन्हा विषय काढायचा नाही. तिनं हात मिळवला आणि म्हणाली, "गवत आहे ते, ऑयगन. सरकारी फाइल नाही."

उभा जन्म कारखान्यात बेअरिंगं तपासण्यात गेला माझा. गवत म्हणे.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आज फक्त निरीक्षण. निष्कर्ष: प्राणी मूर्ख आहे. समोर ताजं गवत ठेवलं की आधी त्यातलं निम्मं बाहेर ओढतो, उरलेल्यावर बसतो, बसल्या जागी कार्यक्रम उरकतो आणि मग त्यातूनच निवडून खातो. पाहुण्यांनी असं केलं तर दुसऱ्यांदा कोण बोलावेल?

उपाय सोपा आहे. गवत भिंतीला उंचावर हवं, गजांच्या मागे. रोझविथाला दोन वर्षांत सुचलं नाही. असो, मी कुणाची उणीदुणी काढणारा नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर, दुपारी

बीच लाकडाची घोडी तयार. घोडी म्हणजे गवताची, गजांमधून एकेक काडी ओढून खायची. कोन काटेकोर, कडा पॉलिश केलेल्या. बसवली. लोटे आली, वास घेतला, वर चढली आणि आत जाऊन झोपली. कॉन्राडनं खालून सगळं गवत उपसलं, वर बायको असताना.

एकूण टेस्टिंग समाधानकारक. व्हॅक्यूम क्लीनर मात्र तांत्रिक कारणानं बंद पडलाय. नळीत गवताचा बोळा बसलाय. हल्ली वस्तूच नीट बनवत नाहीत.

शनिवार, ११ ऑक्टोबर

घोडी काढली. (लोटेला आवडली म्हणून झोपायला ठेवलीय, हार मानून नाही.) उशीच्या अभ्र्याला भोकं पाडून त्यात गवत भरलं आणि टांगलं. अभ्रा रोझविथाचा, भरतकामाचा, पण काम मोठं असलं की त्याग आलाच. तासाभरात अभ्रा रिकामा, गालिचा भरलेला. हातानं वेचलं. कंबर धरलीय.

संध्याकाळी तिचा फोन. म्हटलं, सगळं कंट्रोलमध्ये आहे. तिनं विचारलं, कॉन्राड खातोय ना? म्हटलं, दिवसभर खातोय, तेवढंच येतं त्याला.

सोमवार, १३ ऑक्टोबर

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची. वरच्या मजल्यावरच्या क्लोसबाई पाळीची पाटी आमच्या दारावर अडकवायला आल्या. पाटी अडकवली आणि गेल्या नाहीत. तिसऱ्या पायरीवर बोट दाखवून उभ्या राहिल्या. एक काडी पडली होती. नुसती काडी.

या बाई उत्तरेकडच्या, ब्रेमेनच्या. जिना कसा झाडतात हे त्यांना मीच शिकवलं. गेल्या नाताळात त्यांच्या झाडाचं एक पान पायरीवर पडलं होतं, तेव्हा मी त्यांच्या दारात सभ्य भाषेत चिठ्ठी ठेवली होती. सभ्य म्हणजे दोनच परिच्छेद. तर आज त्या गोड हसून म्हणाल्या, "शॉयफेलेसाहेब, हे काही नाताळच्या झाडाचं पान नव्हे बरं का."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरं दिसतं लोकांना. ही काडी आमच्याकडची कशावरून? वाऱ्यानं आली असेल, पोस्टमनच्या बुटातून आली असेल. मी खाली नोटीस लावली: 'जिन्यात गवत आणणाऱ्या अज्ञात व्यक्तीनं तूर्त ताकीद समजावी.' लावून वर आलो तर पायऱ्यांवर आणखी काड्या. म्हणजे अज्ञात व्यक्ती माझ्या पाठोपाठच फिरतेय. स्वेटर झटकून आत आलो.

बुधवार, १५ ऑक्टोबर

सापडलं. इतकं सोपं की हसू येतं. गवत जास्त म्हणून कचरा जास्त. गवत कमी, कचरा कमी.

आजपासून वेळापत्रक. सकाळी एक मूठ, दुपारी एक मूठ, संध्याकाळी एक मूठ. ठरलेल्या वेळात खायचं, मग उरलेलं उचलायचं. मध्ये भूक लागली तर वाटीत दुकानातला दाणा आहे. मलाही कारखान्यात मनाला येईल तेव्हा जेवायला मिळत नसे, काही बिघडलं नाही माझं.

संध्याकाळी गालिचा लख्ख. फोटो काढून रोझविथाला पाठवला. तिचं उत्तर: 'गवत कुठाय?' मी लिहिलं: 'नेमकं हेच.'

शनिवार, १८ ऑक्टोबर

जिना झाडला, पुसला. पायऱ्यांवर एक काडी सापडली नाही. नोटिशीचा परिणाम.

घरातही शिस्त आलीय. लोटे फ्रीज उघडला की शिट्ट्या मारते, तिला सवय लागायला वेळ लागेल. कॉन्राड मात्र समजूतदार. कोपऱ्यात अंग फुगवून बसून असतो, विचार करत. दुपारची मूठ त्यानं तशीच ठेवली. पुरुषाला संयम लवकर जमतो. उद्यापासून मूठ आणखी थोडी लहान करता येईल.

रविवार, १९ ऑक्टोबर

सकाळी काकडी कापली. कॉन्राड आला नाही. काकडीला आला नाही असं कधी होत नाही. त्याच्याकडची जमीन स्वच्छ होती. लेंडीसुद्धा नाही. काल मला त्याचंच कौतुक वाटलं होतं.

मी घाबरलो नाही. फक्त वरच्या मजल्यावर गेलो आणि क्लोसबाईंची बेल जरा जास्त वेळ दाबून धरली. बाई लगेच खाली आल्या. स्वतःच्या शालीत त्याला गुंडाळलं, गाडी काढली आणि रविवारी उघडा असलेला दवाखाना गाठला. वाटेभर शाल माझ्या मांडीवर. आत काही हालत नव्हतं.

डॉक्टर म्हणजे कालची पोर. गवत किती देता, विचारलं. मी सिस्टिम समजावून सांगितली, मुठींसकट. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजोबा, यांचं पोट सतत खात राहिलं तरच चालतं. गवत थांबलं की पोट थांबतं, आणि पोट थांबलं की हा प्राणी मरतो."

वाचेल का, विचारलं. म्हणाली, दर दोन तासांनी पिचकारीनं भरवा, उद्या कळेल. क्लोसबाई परतताना गप्प होत्या. त्यांनी दोनच परिच्छेद ऐकवले असते तरी चाललं असतं मला.

सोमवार, २० ऑक्टोबर, सकाळी

त्याला माझ्या खोलीत आणलंय. तिथला हीटर चांगला आहे, बाकी काही कारण नाही. गवताची पेंढी फोडून सगळी जमिनीवर पसरली, कुठंही तोंड वळवलं तरी समोर गवत हवं. लोटेलाही आणलं, एकटा राहून झुरेल म्हणून. आरामखुर्ची अडचण करत होती, बाहेर बाल्कनीत काढली.

भरवताना निम्मं औषध माझ्या बाहीवर. मी त्याला म्हटलं, अरे खा रे बाबा, कुठंही सांड, वाटेल तिथं बस, पण खा.

रोझविथाचा फोन आला. कॉन्राड कसाय? मजेत, म्हटलं. पिचकारी दुसऱ्या हातात होती.

त्याच दिवशी, संध्याकाळी

एक काडी खाल्ली. स्वतःहून. तोंडाच्या एका कोपऱ्यातून आत ओढत ओढत, दुसरं टोक माझ्या चपलेखाली होतं तरी. मग दुसरी. मग लेंडी झाली. मी क्लोसबाईंना सांगायला वर गेलो आणि जिन्यातच रडू आलं. धुळीचा त्रास आहे मला.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

तब्येत उत्तम. डॉक्टरला दाखवून आलो. माझी पद्धत तत्त्वतः बरोबर होती, फक्त गवताचं प्रमाण उलटं हवं होतं, असं तिच्या बोलण्यातून मला जाणवलं. आणखी दोन पेंढ्या घेतल्या. कॉन्राडला जाडसर देठाचं आवडतं, लोटेला फुलंवालं. मिसळून दिलं तर कॉन्राड तोंड फिरवतो. बरोबरच आहे त्याचं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

रोझविथा आली. काठी टेकत आधी दिवाणखान्यात गेली, वाकता येत नाही तरी वाकली, गालिच्यावर हात फिरवला. एक काडी नाही. आठवडाभर तिथं कुणी फिरकलंच नव्हतं. मी म्हटलं, पैज जिंकलो.

"जिंकलास," ती म्हणाली. मग माझ्या खोलीचं दार उघडलं. उंबऱ्यापासून खिडकीपर्यंत गवत. मधोमध कॉन्राड चरत होता.

"क्लोसबाईंनी त्या रविवारीच फोन केला होता मला," ती म्हणाली. "येणार होते. मग म्हटलं, नको, निस्तरेल तो."

मी तिची बॅग उचलली आणि दिवाणखान्याकडे निघालो. तिनं काठी आडवी धरली. माझ्या पायजम्यापासून कॉलरपर्यंत अडकलेल्या काड्यांवर नजर फिरवली आणि बजावलं, तू गालिच्यावर पाय ठेवायचा नाही.

खोली ठरल्याप्रमाणे माझीच राहिली. हे मी बाल्कनीत बसून लिहितोय. थंडी आहे, पण खुर्ची इथं आहे.