खाली बघून द्यायचं पाकीट

शनिवार पेठ, पुणे
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय रझिया,

शनिवारी अर्धी शाळा सुटली की आपण दोघी रविवार पेठेत तुझ्या अब्बांच्या दुकानात जायचो, ते आठवतं का तुला? नव्या पत्र्याच्या ट्रंकांना ओल्या रंगाचा वास असायचा. एका उलट्या ठेवलेल्या ट्रंकेवर आपण बसायचो, शाळेचे टाय सैल करून, नानकटाई खात. रमजान आला की तुझे अब्बा, माझे दादामियाँ चाचा, आपल्यासमोर पाकिटांचा गठ्ठा आणि नोटा ठेवायचे. जकातीचं नेमाचं दान ते वेगळं द्यायचे, तुमच्या मोहल्ल्यात. ही पाकिटं खैरातीची, कुणालाही चालायची. आपण नोटा घालायच्या आणि दारात येईल त्याच्या हातात पाकीट द्यायचं. एकदा मी एका हमालाला मोठ्या उत्साहानं विचारलं होतं, याचं तुम्ही काय घेणार? चाचांनी मला आत बोलावलं आणि हळूच म्हणाले, "देते वखत नजर नीच्चे रखना, बेटा. लेनेवाले का मूँ याद नै रहना." मग उरलेली पाकिटं मी फरशीकडे बघत वाटली. तू तोंड दाबून हसत होतीस.

सकाळपासून हे पत्र लिहायला बसते आणि उठते. चहा दोनदा गार झाला. फोन करता आला असता, पण फोनवर मी काहीतरी दुसरंच बोलून ठेवून दिला असता. तू पुढच्या महिन्यात तुझ्या भावाच्या, मकबूलभाईंच्या नातीच्या लग्नाला येणार आहेस. त्याआधी हे तुझ्या हातात पडलं पाहिजे.

माझं ठीक आहे. जयसिंग गेला, मी एकटी राहायला लागले, त्याला आता सहा वर्षं झाली. मुलगा बंगळूरला ये ये म्हणतो. गुडघे जिन्यावर कुरकुरतात, पण खाली उतरून दूध आणण्याइतकी मी अजून बरी आहे. फक्त गेल्या रविवारपासून माझ्या दिवाणखान्यात एक शिलाई मशीन उभं आहे आणि त्याच्यापाशी मला बसवत नाही.

मुक्ताबाई तुला आठवत असेल. तू तिला कधी पाहिलं नाहीस, पण तुझे पैसे तिच्याकडे जायचे. तीसेक वर्षांपूर्वी चाचा गेले, त्या वर्षी तू मस्कतहून लिहिलं होतंस की अब्बांच्या नावानं एका घराला वर्षभर दरमहा पाचशे रुपये द्यायचे आहेत, घर तू शोध, अट एकच, काही विचारायचं नाही. मी मुक्ताबाईचं घर शोधलं. लोणी काळभोरला माझ्या दिरांच्या, सर्जेरावांच्या रानात ती रोजानं जायची. स्वतःची जमीन नाही, नवरा अपघातात गेलेला, घरात सासू बायडाबाई आणि शकू नावाची सातवीतली मुलगी. बायडाबाईला दिसत नव्हतं आणि भानही राहिलं नव्हतं. नजर चुकली की ती उठून सरळ कॅनॉलच्या दिशेनं चालायला लागायची.

सप्टेंबरपासून मी दर महिन्याला पाकीट नेऊन देऊ लागले, पैसे परदेशातल्या मैत्रिणीचे आहेत एवढंच सांगून. पहिल्या महिन्यात त्यांनी दाराला कडी बसवली. दुसऱ्या महिन्यात वाण्याकडून एकदम पोतंभर ज्वारी आणली. रोज मापट्यानं घ्यावी लागायची तेव्हा महाग पडायची, असं मुक्ताबाईनं आपण होऊन सांगितलं. ती अंगानं जराशी भरली होती. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. हे सगळं तुला त्या वेळी कळवलंच होतं. पुढचं मात्र तुला मी वेगळं कळवलं.

जानेवारीत, पाचव्या पाकिटाच्या वेळी, मी न सांगता भर दुपारी गेले. मुक्ताबाई घरी होती. नव्या लोखंडी खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. शेजारी म्हातारी डुलत होती. मी विचारलं, आज कामाला नाही का गेलीस? ती अगदी मोकळेपणानं म्हणाली, "आता रोज जायाची गरज न्हाई, बाई." मी पाकीट दिलं आणि गाडीत येऊन बसले, ती पुण्यापर्यंत स्वतःशीच भांडत आले. आपल्या कॉन्व्हेंटच्या शिवणाच्या वर्गात सिस्टर काय सांगायच्या? गरिबाला पैसे देऊ नका, हाताला काम द्या. मला ते एकदम पटलं. तुझ्या उरलेल्या सात महिन्यांच्या पैशांतून मी पायाचं शिलाई मशीन घेतलं, टेम्पोत घालून तिच्या दारात उतरवलं आणि तिला त्याच्याजवळ उभं करून फोटो काढला. तो तुला पाठवला. तू उलट टपाली एकच ओळ लिहिलीस, तिलाच हवं होतं ना, मग ठीक. मी लिहिलं, हो, तिनंच मागितलं.

तिनं मागितलं नव्हतं, रझिया.

त्यानंतर इतकी वर्षं मी दिवाळीला फराळ घेऊन जायचे आणि विचारायचे, मशीन चालतं ना? मुक्ताबाई वरचं कापड उचलायची. मशीन तेलपाणी करून लख्ख असायचं. मी समाधानानं परत यायचे.

गेल्या रविवारी दारात शकू उभी. आता त्रेचाळीस वर्षांची आहे, मांजरी गावातल्या नव्या सोसायट्यांमध्ये चार घरी स्वयंपाक करते. तिनं आणि रिक्षावाल्यानं मिळून ते मशीन जिना चढवून आणलं. मुक्ताबाई ऑगस्टमध्ये गेली. शकू म्हणाली, "आई सांगून गेली, माझ्यामागं बाईंची वस्तू बाईंना पोचती कर. तुम्ही बघायला येत व्हता ना दर वर्षी, म्हणून जपली." त्यावर कुणी कधी शिवलं नव्हतं. दिवाळीच्या आदल्या दिवशी तेल घालायचं, एवढंच त्याचं काम.

मी तिला चहा दिला. सहज विचारावं तसं विचारलं, त्या जानेवारीत भर दुपारी तुझी आई घरी कशी होती? शकूनं जरा नवलानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "म्या तवा साळंत व्हते की." तोवर आजीला धरून दिवसभर घरी बसायचं ते शकूनं. चौथीपासून तिची निम्मी शाळा त्यातच बुडत होती. पाकीट येऊ लागल्यावर मुक्ताबाईनं आठवड्यातले चार दिवस रोजगार सोडला, सासूजवळ स्वतः बसली आणि मुलीला शाळेत पाठवलं. खाट आणली ती म्हातारी रात्री उठून निघाली तर कठड्याला अडावी म्हणून. मी त्या घरात बसलेली बाई पाहिली, रझिया. घरात नसलेली मुलगी मला दिसली नाही. पाकीट थांबलं, मुक्ताबाई परत रानात गेली, शकू परत आजीजवळ. एप्रिलची परीक्षा तिनं दिली नाही. सोळाव्या वर्षी लग्न झालं.

हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता. ती मोनालीबद्दल बोलायला लागली, तिची धाकटी, बारावीला आहे, तिला नर्स व्हायचंय. वर्षभरापासून सरकारचे दीड हजार शकूच्या खात्यात येतात. आई आजारी पडली तेव्हा त्या पैशांच्या भरवशावर शकूनं संध्याकाळची दोन घरं सोडली, स्वतः आईजवळ बसली आणि मोनालीचा एकही तास बुडू दिला नाही. "आईनं माज्यासाठी पाच म्हयने केलं, तेच म्या केलं. आन ह्या पैशाचं बरं हाय बाई, कुणी बघाया येत न्हाई."

मी आत जाऊन कपाटातून पैसे आणले. तिनं माझा हात बाजूला केला, अगदी नम्रपणे. नको म्हणाली. दारात चपला घालताना मात्र वळली आणि विचारलं, "त्या पैशेवाल्या बाई परदेशी असतात ना? त्यांनी का बंद केलं? आईला शेवटपातूर वाटायचं, तिचंच काय तरी चुकलं." अडुसष्ट वर्षांची बाई मी, आणि तिला सांगितलं काय, तर जिना जपून उतर.

कारण खरं उत्तर अजून तुलाही सांगितलेलं नाही. सिस्टरांची शिकवण वगैरे नंतरची. त्या जानेवारीत संक्रांतीला सगळ्यांच्या देखत सर्जेराव मला म्हणाले होते, "वहिनी, तुमच्या पाकिटानं आमचा कांदा रानात सडतोय. बाया आता मजुरी वाढवून मागायला लागल्यात." सगळे हसले. जयसिंगसुद्धा. मी त्या दुपारी मुक्ताबाईकडे गेले ती हे ऐकून गेले होते. ती घरी बसलेली असावी, असंच मला वाटत होतं. मला कारण हवं होतं, ते मिळालं. अब्बांच्या नावाचं पाकीट मी आमच्या कांद्यासाठी बंद केलं.

म्हणून हे पत्र. तू पुण्यात आलीस की मांजरीला जा, शकूचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. बंद कुणी केलं, ते तिला सांग, माझं नाव घेऊन सांग. मुक्ताबाईचं काही चुकलं नव्हतं, हे आधी सांग. मग खाकी पाकीट तिला दे. ते मकबूलभाईंकडे पोचवलं आहे. त्यात माझ्या पाटल्यांचे पैसे आहेत, पण ते तुझेच समज, अब्बांच्या नावाचे. माझ्या हातून ती घेणार नाही आणि ते बरोबरच आहे. मघाशी मी इथं 'मोनालीच्या नर्सिंगसाठी' असं लिहिलं होतं, ते खोडलंय, तुला दिसतच असेल. कशासाठी ते शकू ठरवेल. मशीन मकबूलभाईंना सांगून विकून टाक, येईल ते त्याच पाकिटात घाल. आणि मी तुला पाठवलेला तो फोटो जपून ठेवला असशील, तर तो शकूला दे. तिच्याकडे आईचा तरुणपणचा एकही फोटो नाही. देण्याआधी कात्रीनं डावीकडचं मशीन कापून टाक. मुक्ताबाई तेवढी राहू दे.

पाकीट देताना खाली बघ. तुला सांगायला नको, पण सांगते.

तुझीच,
प्रेमला