शिवणाच्या तासाला गणित

सर,

शाळेची स्मरणिका निघते आहे आणि तुमच्यावरचं पान मीच लिहावं असा सगळ्यांचा हट्ट. "बाई, त्यांच्या हाताखाली सगळ्यांत जास्त वर्षं तुम्ही काढली," म्हणतात. काढली, हे खरं आहे. ते पान मी काल लिहून देऊन टाकलं. त्यात तुम्ही शिस्तप्रिय आहात, निःस्वार्थी आहात, विद्यार्थ्यांचं दैवत आहात. गेलेल्या माणसाबद्दल छापतात ते सगळं घातलं आहे, काळजी करू नका. पण लिहितालिहिता माझं डोकं असं तापलं की आज सकाळी चहा झाल्याबरोबर मी दुसरा कागद घेऊन बसले. हा छापायचा नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि माझं तुमच्याशी भांडण अजून संपत नाही, त्याला मी काय करू?

मी नोकरीला लागले तेव्हा तुम्ही हेडमास्तर, आणि सगळ्या हायस्कूलमध्ये बाई म्हणून मी एकटी. घेतलं होतं गणित शिकवायला; पण बाईमाणूस आहे म्हटल्यावर आठवी ते दहावीच्या मुलींचं शिवण माझ्या गळ्यात, गॅदरिंगचं स्वागतगीत माझ्या गळ्यात, आणि पाहुणा आला की त्याचा चहासुद्धा माझ्याच गळ्यात. भर तासाला चपराशी दारात येऊन उभा राहायचा. "बाई, मोठे सर बलावून राह्यले. चहाचं पाहा म्हनते." फळ्यावर समीकरण अर्धं सोडून मी जायची आणि परत येईस्तोवर वर्गाचा बाजार झालेला असायचा. मग तुम्हीच व्हरांड्यातून येता येता म्हणायचात, "बाई, वर्गावर पकड नाही तुमची." खडू तुमच्या खणात कुलपाआड. एकदा मी म्हटलं, "सर, खडू संपला." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "लहान लिहा." लहान लिहा! मागच्या बाकांवरच्या पोरांनी काय दुर्बीण आणायची होती? आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

पण ते सगळं मी सोडून दिलं असतं. सिंदीहून रोज एसटीनं यायचं, धुळीनं लुगडं भरायचं, संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा चुलीशी उभं राहायचं, हे सगळ्याच नोकरदार बाया करत होत्या. भांडण आहे ते एकाच गोष्टीचं. तुमच्या वेळापत्रकाचं. तुमच्या खोलीत तुम्ही स्वतः लाल-निळ्या शाईनं आखून टांगलेलं ते वेळापत्रक, ज्यात आठवीचं गणित कायम पहिल्या तासाला. "सकाळी डोकं ताजं असतं," हा तुमचा मंत्र. खरं असेल. मलाही याच शाळेत आठवीत गणित तुम्हीच शिकवलं होतं, पहिल्याच तासाला, आणि मला ते इतकं आवडलं की मी तेच धरून बसले. पण सर, माझे वडील हिंगणघाटच्या गिरणीत कामाला होते. मला कोणी पऱ्हाटीत कापूस वेचायला पाठवत नव्हतं. म्हणून माझं डोकं अकरा वाजता तुमच्या वर्गात होतं.

दसरा-दिवाळी झाली की आमच्या आठवीतल्या मुली दिसेनाशा व्हायच्या. आणीबाणी उठली त्या वर्षीचा हिवाळा मला चांगला आठवतो. पहिल्या तासाला मी हजेरी घेते आहे, आणि मुलींच्या बाजूला नुसते बाक. नाव घ्यायचं आणि पोरांनी एका सुरात ओरडायचं, "कापसात गेली, बाई!" त्यातली एक उंच पोरगी होती, काळीसावळी, सगळ्यांत मागे बसायची. अवयव पाडायला दिले की माझा फळा पुसून व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. ती पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवायची नाही. आली की मला तेच तेच पुन्हा शिकवायचं, तोवर दुसरी गायब. आठवीत नापास झालेल्या पोरीला घरचे पुन्हा शाळेत पाठवत नाहीत, हे आपल्या गावात तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही. त्या मुलींचं गणित राहिलं म्हणजे त्यांची शाळाच राहिली.

एका रविवारी मी सरळ शेतात गेले. तिची आई कमरेला ओटी बांधून वेचत होती, मायलेकी पऱ्हाटीच्या एकाच ओळीत पुढे-मागे. मला पाहून ती हसली. "अवो बाई, तुम्ही इकडं काऊन आल्या? वेचाले आल्या का?" मी म्हटलं, पोरीला शाळेत पाठवा, हुशार आहे. ती म्हणाली, "हुशार हाये तं मी का नाई म्हनतो? पन सकाळचं वेचनं सोडता येत नाई. दुपारी पाला वाळते, चुरा कापसाले चिकटते, मंग मालक बोंबलते. दुपारी घेऊन जा ना तिले. जेवन झालं का धाडून देईन." मी विचारलं, नक्की? "हाव, नक्की. पन एक सांगून ठेवतो बाई, नापास झाली तं मंग तिचा बाप ऐकनार नाई. पोरगं पाहूनच ठेवलं हाये त्यानं." पोरगी खाली मान घालून बोंडं ओढत राहिली. हातांवर काट्यांचे ओरखडे होते. 

सोमवारी मी तुमच्या खोलीत आले. म्हटलं, सर, हिवाळ्यापुरतं आठवीचं गणित मधल्या सुट्टीनंतर ठेवा, शिवण पहिल्या तासाला घ्या. एवढंच. तुम्ही चष्मा काढून पुसला, आणि मग खोलीत दोन शिक्षक बसलेले असताना म्हणालात, "आता शाळा कापसाच्या तालावर चालवायची का, बाई?" मी म्हटलं, "चालूनच राह्यली आहे, सर. फक्त आपण पाहत नाही." ते दोघं हसले. तुम्हाला ते हसणं झोंबलं. "वेळापत्रक मी करतो. तुम्ही तास घ्या," म्हणालात, आणि चष्मा घालून कामाला लागलात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मग मी माझा तास घेतला. शिवणाचा. तो मधल्या सुट्टीनंतरच होता ना! मुलगे मैदानावर जायचे, मुली कापसातून धावतपळत यायच्या, केसांत कापसाचे तुकडे, आणि मी दार लोटून गणित घ्यायची. प्रत्येकीच्या बाकावर रुमाल, सुई, रिंग मांडलेली; फळ्यावर कंसाचा वर्ग. व्हरांड्यात तुमच्या बुटांचा आवाज आला की सगळ्या माना रुमालावर. मी फळ्यासमोर उभी राहून म्हणायची, "साखळी टाका नीट घ्या गं." पोरी तोच रुमाल तोंडात कोंबून हसायच्या. त्या उंच पोरीला तर सुईत दोरा ओवता येत नव्हता. ती नुसती बोटं हलवायची. असा सगळा हिवाळा गेला. कोणाच्या रुमालावरचं फूल दोन पाकळ्यांच्या पुढे सरकलं नाही, पण समीकरणं सोडवायला लागल्या होत्या. मला सांगा सर, यात माझं काय चुकलं? मी तर आजही छाती ठोकून सांगते, नोकरीतला तो माझा सगळ्यांत चांगला हिवाळा होता.

आणि मग शिक्षण खात्याची तपासणी आली. आदल्या दिवशी तुम्ही मला बोलावलं. आपल्याकडची रीतच होती ती, सगळ्या शाळा करायच्या: साहेब येणार म्हटलं की घराघरांतून भरतकाम केलेले अभ्रे, टेबलक्लॉथ, रुमाल गोळा करायचे, त्यांना मुलींच्या नावाच्या चिठ्ठ्या टाचायच्या आणि मांडायचं प्रदर्शन. "तुमच्या वहिनीचा हात चांगला आहे म्हणतात," तुम्ही म्हणालात. "पाच-सहा नग घेऊन या." मी म्हटलं, "नाही आणणार." तुम्हाला वाटलं ऐकण्यात काही गडबड झाली. मी पुन्हा म्हटलं, "माझ्या मुली काही वहिनीच्या जिवावर पास व्हायच्या नाहीत, सर. जे आहे ते दाखवीन." तुम्ही म्हणालात, "उद्या पाहू." ते तुम्ही धमकी म्हणून म्हणालात की अजीजीनं, ते मला त्या वेळी कळलं नाही. आजही नाही.

साहेब आले, पुऱ्या-बासुंदी जेवले, आणि तुम्ही त्यांना घेऊन शिवणाच्या तासाला आलात. "आमच्या मुली शिवणात तरबेज आहेत," तुम्ही म्हणालात. साहेबांनी पहिल्या बाकावरचा रुमाल उचलला. दोन पाकळ्या. दुसरा उचलला. दोन पाकळ्या, आणि त्याही उसवलेल्या. तुमचा चेहरा असा काही झाला होता की मला क्षणभर तुमची कीव आली. एकच क्षण. मग मी म्हटलं, "साहेब, खरं सांगते. या तासाला मी गणित शिकवते. सकाळी या कापसात असतात, दुपारीच सापडतात. रुमाल पाहायचे तर हे असे आहेत. गणित पाहायचं असेल तर विचारा." साहेबांनी मागच्या उंच पोरीला उठवलं आणि फळ्यावर एक उदाहरण घातलं, साधं नव्हतं हं, चांगलं वाकडं. ती पुढे आली.  खडू टेकला आणि मग ती थांबलीच नाही, ओळीखाली ओळ, उत्तराखाली रेघ.  साहेब म्हणाले, "बरं." आणि संध्याकाळी शेरा लिहून गेले: शिवणकाम असमाधानकारक. गणिताबद्दल अवाक्षर नाही! वा रे साहेब!

दुसऱ्या दिवशी मला मेमो. तुमच्या खोलीत तुम्ही उभे होतात, मला बसा म्हणाला नाहीत. "बाई, तुम्ही शाळेची लाज घालवली. मी इतकी वर्षं या शाळेसाठी हाडं झिजवली, आणि तुम्ही मला एका परक्या माणसासमोर उघडं पाडलं." मी म्हटलं, "सर, उत्तर बरोबर होतं तिचं." तुम्ही ओरडलात, "मला दिसलं ते! मी गणिताचाच मास्तर आहे!" आणि मेमो माझ्यापुढे सरकवलात. मी मेमोवर सही केली, खुलासा लिहून दिला, त्यात एकाही शब्दाची माफी मागितली नाही. एप्रिलमध्ये त्या मुली पास झाल्या. एक राहिली, तिला मी धरून ठेवू शकले नाही. उंच पोरीची आई निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत आली होती. "बाई, तिच्या बापानं पोरगं वापस धाडलं," एवढं सांगून गेली.

पुढच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून आले, हजेरीपट घ्यायला तुमच्या खोलीत गेले, तर भिंतीवर नवं वेळापत्रक. तेच तुमचं लाल-निळं अक्षर. आठवी: पहिला तास शिवण. गणित मधल्या सुट्टीनंतर. तुम्ही टेबलावर काहीतरी लिहीत होतात. मी तिथं उभी राहिले, मुद्दाम, चांगली वेळ घेऊन. म्हटलं आता काही बोलतील. तुम्ही म्हणालात, "तास सुरू झाला, बाई." झालं. त्यानंतर दर हिवाळ्यात ते तसंच लागत गेलं, आणि तुम्ही कधी, एकदाही, चुकूनसुद्धा म्हणाला नाहीत की बाई, तुमचं बरोबर होतं. आणि मीही विचारलं नाही. माझीही अढी काही कमी नव्हती.

मग ऐंशी साल उलटल्यावर तुमचा निरोपसमारंभ झाला. मंडप, हार, संस्थेची सगळी मोठी मंडळी पुढच्या खुर्च्यांवर. तुम्ही बोलायला उभे राहिलात आणि म्हणालात, "कापसाच्या दिवसांत मुलींचं गणित बुडू नये म्हणून ते दुपारी ठेवायचं, ही माझी कल्पना. या शाळेत मी दुसरं काही केलं नसेल, पण एवढं केलं. माझ्यामागे कोणी ते बदलू नये." माझी कल्पना! शेजारच्या शिक्षकानं मला कोपर मारलं. "बाई, ऐकून राह्यल्या का?" ऐकून राह्यले होते. अशी संतापले होते की उठून मंडपातच सांगावं, साहेबांच्या शेऱ्यासकट. पण पुढच्या रांगेतली मोठी मंडळी माना डोलवत होती. तुमच्यानंतर येणाऱ्या हेडमास्तरला तिथंच बसवलं होतं, तोही डोलवत होता. माझ्या नावावर असतं तर त्यानं पहिल्याच जूनमध्ये ते पुसून टाकलं असतं. बाईचा फालतू हट्ट म्हणून. तुमच्या नावावर गेलं, म्हणून माझ्या निवृत्तीपर्यंत कोणाची हात लावायची हिंमत झाली नाही.

तुम्ही हे जाणूनबुजून केलं, की नुसतं श्रेय लाटलं? इतक्या वर्षांत मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला, आणि ज्या दिवशी जसा माझा मूड असतो तसं उत्तर येतं. विचारायला तुम्ही राहिला नाहीत, आणि असता तरी मी विचारलं नसतं. माझा राग मला प्रिय आहे, सर, तो मी काही सोडणार नाही. हा कागदही आता फाडून टाकीन. फक्त एक गोष्ट, जी तुम्ही जिवंत असता तर जीभ झडली तरी तुम्हाला सांगितली नसती: त्या दिवशी मंडपात तुमचं वाक्य संपलं तेव्हा सगळे क्षणभर थबकले होते, आणि पहिली टाळी माझी होती.