‘ठिगळ्या’च्या नावाने लावलेल्या खोट्या चित्राबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
छायाचित्र दालन, विमानतळ कार्यालय

विषय : चित्राखालील पट्टी बदलणेबाबत, तसेच साडूंबाबत.
संदर्भ : आपल्या दालनातील, पाण्याच्या कूलरशेजारचे मोठे चित्र.

महोदय,

१. अर्जदार व त्याचे थोरले साडू विमानतळाच्या कुंपणाबाहेरून विमानांची छायाचित्रे काढतात आणि प्रत्येकाखाली प्रकार, कंपनी व शेपटीजवळचा नोंदणी क्रमांक लिहितात. कुंपणावरचा नियम एकच : क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचला नसेल, तर ‘ओळख पटली नाही’ असे लिहावे, अंदाजपंचे काही लिहू नये. हा नियम अर्जदारास साडूभाऊंनीच शिकवला, हे मुद्दाम नमूद करण्यात येत आहे.

२. एका जुन्या मालवाहू विमानाच्या चार इंजिनांपैकी एकाचे आवरण राखाडी, दुसऱ्याच विमानाचे होते. म्हणून त्याला आम्ही ‘ठिगळ्या’ म्हणत असू. ते अखेरचे उतरले त्या दिवशी अर्जदार पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होता. कॅमेरा, मोठे भिंग, सगळे त्याने साडूभाऊंच्या हवाली केले. “तू बायकोकडे बघ, ठिगळ्याकडे मी बघतो,” असे ते म्हणाले. अर्जदार निर्धास्त राहिला.

३. साडूभाऊंनी चित्र परस्पर आपल्याकडे दिले. आपण ते मोठे करून लावले, खाली दोघांची नावे घातली. उद्घाटनाला त्यापुढे बोलताना अर्जदारास रडू कोसळले, चित्र धड दिसलेच नाही. कुंपणावरची मंडळी माना खाली घालून उभी होती. अर्जदारास वाटले, तीही गहिवरली. कसले काय! सगळ्यांना ठाऊक होते.

४. नंतर अर्जदाराने एकट्याने जाऊन चित्र निरखले. चारही इंजिने पांढरीशुभ्र! शेपटी नेमकी क्रमांकापाशी कापलेली. ते ठिगळ्याचे जुळे भावंड, मागच्या हिवाळ्यात टिपलेले. जाब विचारता कळले की ठिगळ्या उतरला तेव्हा साडूभाऊ पहारेकऱ्यांबरोबर चहा पीत होते. वर म्हणतात, “अरे, पांढरं विमान ते, कोण बघतंय एवढं?” महोदय, अर्जदार बघतो! जन्मभर त्याने दुसरे केले काय? “हुकलं रे,” एवढे म्हणाले असते, तरी अर्जदाराने त्यांच्या पाठीवर हात ठेवला असता. त्याऐवजी त्यांनी केसाने गळा कापला.

५. सबब विनंती की, सदर चित्राखाली ‘ओळख पटली नाही’ असे लिहावे व अर्जदाराचे नाव काढावे.

६. दालनाच्या दाराशी आम्हा दोघांचा, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेला फोटो आहे. तो काढू नये. डावीकडे अर्जदार आहे, ते बरोबर आहे. उजवीकडच्या गृहस्थांखाली मात्र ‘ओळख पटली नाही’ असेच लिहावे. नियम तो नियम. मी त्यांना कधी नीट वाचलेच नव्हते. इतकी वर्षे अंदाजपंचे ‘भाऊ’ लिहीत आलो.

आपला, अजूनही नम्र,
(सही)
कुंपणावरचा चष्मेवाला

दिनांक : ठिगळ्या भंगारात गेला तो

सोबत :
१. ठिगळ्याचे खरे, जुने चित्र, राखाडी इंजिनासह.
२. साडूभाऊंची माफी : अद्याप अप्राप्त.