तुझी शेवटची मापं

प्रिय अक्का,

काल तुझं तेरावं झालं आणि आज मी कामावर गेले. रडले नाही. अजूनही रडू येत नाहीये, आतून सगळं बधिर झालंय. पण लॅबचे सर आज जे बोलले ते तुला नाही तर कोणाला सांगू?

सर म्हणाले, अक्काच्या प्रयोगातली शेवटची मापं वगळ आणि जर्नलला पेपर पाठवून दे. आजारपणात हात थरथरला असेल म्हणे! मी "बघते" म्हणून बाहेर आले.

आठवतं, तुझ्या प्रयोगांतलं हे सगळं तू मला पहिल्यांदा समजावलंस ते यशवंतपूरच्या घरी, चपात्या लाटता लाटता? पेशी प्रथिनाला साखरेची साखळी जोडते, मग तिच्या आतल्या एकेका दालनातून पुढे नेताना तिच्यातल्या काही साखरा छाटते, काही नव्या लावते. मी म्हटलं, याची समीकरणं मांडता येतील. तू म्हणालीस, "मांड की! पण आधी तू तुझं उत्तर सांगायचं, मगच मी मोजलेलं दाखवणार." किती छळलंस गं त्या अटीपायी! माझं चुकलं की खुशाल हसायचीस. सख्खी बहीण, पण जराही दया नाही.

दोन वर्षं माझं गणित आणि तुझी मापं जुळत आली. मग तू पेशींना भरमसाट प्रथिन करायला लावलंस. माझ्या गणितात छाटणारी एन्झाइमं कधी कमी पडतच नाहीत, सगळ्या साखळ्या पूर्ण होऊनच बाहेर येतात. तुझ्या या शेवटच्या मापांत निम्म्या अर्धवट! तू बरोबर असशील तर मला सगळं नव्यानं मांडावं लागेल. पेपर लांबला तर फेलोशिपही जाईल.

आणि तू तरी, एवढं दुखत असताना लॅबमध्ये कशाला जात होतीस? कोणी सांगितलं होतं? रागच येतो तुझा.

संध्याकाळी परत सरांकडे गेले. म्हटलं, आकडे गाळायचे नाहीत, पुन्हा मोजू.

"मोजणार कोण?"

"मी."

मी, जिनं कधी थेंब मोजायची पिपेटही हातात धरली नाही!

अक्का, उद्यापासून शिकते. सांडेन, चुकेन, पुन्हा करेन. पण मोजल्याशिवाय तुझा एकही आकडा गाळणार नाही, हा माझा शब्द. माझं गणित मोडलं तर मोडू दे. तुझा हात थरथरला नव्हता, एवढंच खरं निघू दे.

तुझी,
सुमी